बाप पितो, त्यात लेकराचा काय दोष?



दारूवर आपल्या समाजात बोलले जात नाही असे नाही. जयंतीच्या व्यासपीठावरून वक्ते बोलतात, वर्षावासात भन्तेजी बोलतात, सोयरीक जमवताना मध्यस्थही बोलतो. पण हे सारे बोलणे पिणाऱ्याला उद्देशून असते. त्याने सोडावी, त्याने शरम धरावी, त्याने बाबासाहेबांना आठवावे. फार तर त्याच्या बायकोविषयी हळहळीचे दोन शब्द. त्याच घरात पुस्तक उघडे ठेवून कान दाराकडे लावून बसलेले लेकरू असते. त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही. आज या सदरात त्याच्याविषयी, आणि शेवटी त्याच्याशी, बोलायचे आहे.

निमित्त एका जुन्या चित्रपटाचे आहे. १९८९ साली महेश भट यांचा 'डॅडी' हा चित्रपट दूरदर्शनवर दाखवला गेला. ज्यांच्या घरी तेव्हा टीव्ही होता, किंवा जे शेजाऱ्याच्या दारात बसून पाहत, त्यांना तो आठवत असेल. हल्ली असे जुने चित्रपट मोबाईलवरही पाहतात. पूजा नावाची सतरा वर्षांची मुलगी आजी-आजोबांकडे वाढते. तिचा बाप आनंद सरीन एकेकाळचा नावाजलेला गायक, पण दारूत बुडालेला. आजोबांनी त्याला नातीपासून दूर ठेवलेले असते. मुलगी बापाला शोधून काढते, त्याला जीव लावते आणि त्याला पुन्हा गाण्यासाठी उभे करते. बापाच्या भूमिकेसाठी अनुपम खेर यांना राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला. मुलीचे काम करणाऱ्या पूजा भट यांचा तो पहिलाच चित्रपट.

चित्रपट चांगला आहे. पाहताना डोळ्यांत पाणी येते. पण त्यातून आपल्या पोरांनी कोणता धडा घ्यायचा? लेकराने माया लावली की बाप दारू सोडतो, असा धडा घेतला तर मग ज्याचा बाप सोडत नाही, त्या लेकराने काय समजायचे? आपलीच माया कमी पडली? चित्रपटातल्या पूजाला निदान परतायला आजोबांचे घर होते. एका खोलीत राहणाऱ्या आपल्या लेकराला परतायला दुसरी खोलीही नसते. शिवाय पडद्यावर बापाला सावरणाऱ्या याच पूजा भट यांनी पुढे स्वतःच्या दारूशी झगडून डिसेंबर २०१६ मध्ये ती बंद केली. हे त्या उघडपणे सांगतात, त्यात कमीपणा मानत नाहीत. माया मोठी असतेच. पण व्यसन नुसत्या मायेने बरे होत नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या मराठी रंगभूमीचे उदाहरण घ्या. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. 'तळीराम' हा शब्द याच नाटकाने घरोघरी नेला. सुधाकराची भाषणे लोकांना पाठ आहेत. बालगंधर्वांनी रंगवलेली सिंधू लोकांच्या आठवणीत आहे. नवरा पिऊन घराची धूळधाण करतो, तरी ती सोसते, दळण दळते, त्याच्यावर दोष येऊ देत नाही. त्या काळी तिला सती-साध्वीचा आदर्श मानले गेले. पण त्या घरात एक तान्हे मूलही होते. बापाच्या नशेत त्या तान्ह्याचा जीव जातो. त्याला नाटकात एक वाक्यही नाही, कसे असेल? शंभर वर्षांत सुधाकर आणि सिंधू यांच्यावर किती लिहिले गेले. त्या मुलावर कोण लिहितो?

या नाटकानंतर आठच वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या आयाबहिणींपुढे बोलले. नवरा असो की मुलगा, दारू पिऊन येत असेल तर त्याला जेवू घालू नका, असे त्यांनी बजावले. त्याच भाषणात त्यांनी पोरांना शाळेत घालण्यासही सांगितले. या दोन गोष्टी एकाच भाषणात आल्या, हे लक्षात घ्या. सिंधूने सोसावे हा जुना आदर्श. नवऱ्याची दारू सोसू नका आणि लेकराची शाळा सोडू नका, हा बाबासाहेबांचा मार्ग. आपण कोणत्या मार्गाचे, हे आपल्या घरात संध्याकाळी काय चालते यावरून ठरते.

गरीब घरातल्या लेकराची बाजू मराठीत आली ती आपल्याच माणसाच्या लेखणीतून. जुन्नरच्या डोंगराला लागून पलीकडे अकोले तालुका आहे. तिथल्या धामणगावचे दगडू मारुती पवार, म्हणजेच दया पवार. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. वडील मुंबईच्या गोदीत कामाला, आणि दारूच्या आहारी गेलेले. मुलाच्या लहानपणीच ते गेले आणि आईने कष्ट करून मुलाला शिकवले. हे सारे दया पवारांनी लपवले नाही आणि सजवलेही नाही. पुस्तक आले तेव्हा आपल्यातल्याच काही जणांनी नाके मुरडली. घरातली घाण चव्हाट्यावर कशाला आणायची, असे म्हणणारे कमी नव्हते. पण ज्या पोरांच्या घरी तेच चालले होते, त्यांना पहिल्यांदाच कळले की हे फक्त आपल्याच घरात घडत नाही. पुढे जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाच्या पटकथालेखकांतही दया पवारांचे नाव आले. दारूड्याचे पोर कुठवर जाऊ शकते, याचे हे आपल्या शेजारचे उदाहरण.

आता आपल्या जुन्नर-आंबेगावाकडे येऊ. आपल्याकडे हाताला काम नाही असे नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलायचे, मंचरला कांद्याच्या गोण्या, कुठे ऊसतोड, कुठे वीटभट्टी. मजुरी संध्याकाळी हातात पडते, आणि काम व घर यांच्यामध्ये गुत्ता असतो. रोजचे शंभर रुपये धरले तरी वर्षाचे ३६,५०० होतात. इतका हिशेब कुणालाही येतो. पण लेकराचे जे जाते, ते या बेरजेत धरता येत नाही.

अशा घरातले पोर लवकर शहाणे होते. बापाच्या पावलांच्या आवाजावरून आज किती घेतली आहे हे त्याला कळते. कोणत्या आवाजाला पुस्तक मिटायचे आणि कोणत्या आवाजाला धाकट्याला काखेला मारून शेजारी जायचे, हे त्याला ठाऊक असते. आईने पैसे तांदळाच्या डब्यात ठेवले आहेत हे त्याला माहीत असते, आणि ते बापाला सांगायचे नाही हेही. पालकसभेची चिठ्ठी दप्तरातच राहते. सहलीचे पैसे ते मागतच नाही. मित्राला घरी बोलावत नाही. थोरली मुलगी दहाव्या वर्षी धाकट्यांची आई होते. एखादा मुलगा जिवाच्या आकांताने अभ्यास करतो. आपला पहिला नंबर आला तर बाबा पिणार नाहीत, असे त्याला वाटत असते. नंबर येतो, त्या आनंदातही बाप पिऊन येतो. दुसरा एखादा व्रात्य होतो, मारामाऱ्या करतो. तिसरा बोलायचाच बंद होतो. शेजारीपाजारी थोरलीचे कौतुक करतात, "पोरगी किती शहाणी!" पण हे शहाणपण नव्हे. ही धास्ती आहे. तिचे बालपण तिने घर सांभाळण्यात घातले आहे.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी दारू न पिण्याची. पोराला ती पाठ असते. विहारात ते पंचशील सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणते. आणि घरी येऊन पाहते तर त्याच तसबिरीखाली बाप पडलेला. त्या लेकराला वाटते, प्रतिज्ञा मोडणारे घर सगळ्या वस्तीत आपलेच. हे बाहेर कळले तर बाबांची अब्रू जाईल, समाजाचे नाव जाईल, दुसरे लोक हसतील. म्हणून ते गप्प बसते. जी प्रतिज्ञा आपल्याला बळ देण्यासाठी होती, तिचे आपण अशा घराच्या दाराला कुलूप करून ठेवले. प्रतिज्ञा मोडली बापाने, आणि गुन्हेगारासारखे तोंड लपवते पोर. हे आपण किती दिवस चालू देणार?

पंचशीलातले पाचवे शील दारूला प्रमादाचे ठिकाण म्हणते. प्रमाद म्हणजे सावधपणा सुटणे. दारूने काय काय जाते, हे तथागतांनी सिगालोवाद सुत्तात सहा गोष्टींत सांगितले आहे. धन जाते, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव जाते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. हे सुत्त एका तरुणाला सांगितलेले आहे. राजगृहात सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत असे, कारण बापाने मरताना तसे सांगितले होते. तथागत त्याला म्हणाले की आईबाप ही पूर्व दिशा आहे. मग त्यांनी मुलाची पाच कर्तव्ये सांगितली आणि लगेच आईबापाचीही पाच सांगितली. मुलाला वाईटापासून दूर ठेवणे, चांगल्याकडे लावणे, विद्या शिकवणे, योग्य स्थळी संसार थाटून देणे आणि वेळेवर वारसा हाती देणे. आपण पोरांना पहिली पाच शिकवतो, आईबापाची पाच विसरतो. पूर्वेला हात जोडायचे ते तिकडून उजाडते म्हणून. उजेड देणे हे बापाचे काम आहे.

असा बाप आपल्या इतिहासात आहे. सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते, दारूला शिवत नसत. परळच्या चाळीत एकाच खोलीत सारे कुटुंब. रात्री भिमाला झोपवून ते स्वतः जागे राहत आणि पहाटे त्याला अभ्यासाला उठवत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लेकीचे दागिने मागून घेत आणि गहाण टाकत. गरिबी त्यांच्याही घरी होती. पण त्या गरिबीतून जो पैसा निघाला, तो पुस्तकाकडे गेला.

याचा अर्थ पिणाऱ्याला वस्तीतून हाकलून द्या असा नव्हे. ज्या १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, त्याच साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या प्रमुख संघटनेने दारूचे व्यसन हा आजार आहे असे जाहीर केले. प्रतिज्ञा आणि उपचार यांत भांडण नाही. क्षयाच्या रोग्याला आपण शिव्या देत नाही, त्याला दवाखान्यात नेतो, आणि लेकरे त्याच्यापासून जपतो. इथेही दोन्ही केले पाहिजे.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली. पोराला बाटली आणायला पाठवू नका. "जा रे, एक क्वार्टर आण" हे आपल्याकडे सहज म्हटले जाते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाकडून दारूची ने-आण करून घेणे किंवा ती विकवणे हा गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बापाला गुत्त्यावरून ओढून आणायलाही पोराला पाठवू नका. ते काम भावकीतल्या मोठ्या माणसांचे.

दुसरी. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींना भुलू नका. चहात किंवा भाजीत गुपचूप घालायच्या पुड्यांत असे औषध असू शकते, की ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब एकदम घसरतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचे असते. तसेच रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करायला लावणेही धोक्याचे आहे. दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, भास होतात, फिट येते. दवाखाना गाठा. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने उभे राहिलेले हे केंद्र आजही चालू आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतूनही होतात. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारी दूरध्वनी क्रमांक १४४४६.

तिसरी, आयाबहिणींसाठी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा नुसत्या मारहाणीपुरता नाही. घरखर्चाला पैसे न देणे, तुमची मजुरी हिसकावणे हाही त्यात छळच धरला आहे, आणि मुलांसाठीही संरक्षण मागता येते. गावातले परवानाधारक दुकान बंद करायचे असेल तर महाराष्ट्रात बाईच्या मताला वजन आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली निवडली तर दुकानाला टाळे लागते. मात्र हातभट्टीचा गुत्ता मतदानाने जात नाही. तो मुळातच बेकायदा आहे. त्याची तक्रारच करावी लागते, आणि ती एकीने करावी लागते.

चौथी, विहार समित्यांसाठी आणि जयंती मंडळांसाठी. बाबासाहेबांच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्याला आधी बाजूला काढा. हे पोरे पाहत असतात. दुसरे, संध्याकाळी सात ते दहा विहार उघडा ठेवा, दिवा लावा, सतरंजी अंथरा, एक जबाबदार ताई किंवा दादा बसवा. ज्या पोराला घरी अभ्यास होत नाही, त्याला कारण न विचारता बसू द्या. तिसरे, पैशाचे. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब कोरलेला आहे. दानाचा पैसा बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवला जाई. मुद्दल तसेच राही आणि उत्पन्नातून संघाची सोय होई. हाताने काम करणाऱ्यांवर त्या काळी एवढा भरवसा होता. आपणही जयंतीच्या वर्गणीतला काही भाग मुद्दल म्हणून बँकेत ठेवावा आणि व्याजातून अशा घरांतल्या पोरांची फी, वह्या, सहलीचे पैसे द्यावेत. कुणाला दिले ते फलकावर लिहू नये. पोराचे नाव झाकलेले राहिले पाहिजे.

आता शेवटचे बोलणे त्या लेकराशी. बाळा, हे तू वाचत असशील, किंवा तुझी ताई तुला वाचून दाखवत असेल, तर नीट ऐक.

बाबा पितात ते तुझ्यामुळे नाही. तू कमी मार्क आणलेस म्हणून नाही, तू उलट बोललास म्हणून नाही, तू मुलगी झालीस म्हणून तर नाहीच नाही. त्यांची दारू सोडवणे हे तुझे काम नाही. ते मोठ्यांचे आणि डॉक्टरांचे काम आहे. तुला बाबांचा राग येतो आणि मायाही वाटते, दोन्ही एकाच दिवशी. तसे वाटण्यात काही चूक नाही. रात्री भांडण पेटले तर मध्ये पडू नकोस. धाकट्याला घे आणि ठरलेल्या घरी जा. ते घर आजच दिवसाउजेडी ठरवून ठेव. आत्या, मावशी, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, यांपैकी एका मोठ्या माणसाला सगळे सांग. तिने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांग. कुणीच नसले तर १०९८ हा क्रमांक मुलांसाठीच आहे. कोणत्याही फोनवरून लागतो, पैसे पडत नाहीत. सांगितल्याने बाबांची अब्रू जात नाही आणि बाबासाहेबांचे नावही खाली जात नाही.

पिणाऱ्याच्या मुलाला पुढे व्यसनाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, असे डॉक्टर सांगतात. पण धोका म्हणजे नशीब नव्हे. कपाळावर लिहिलेले असते हे आपण मानत नाही, म्हणून तर आपण बौद्ध आहोत. तुझा पहिला घोट तुझ्या हातात आहे. तो घेऊ नकोस.

आणि मोठ्यांनो, ही ओळ वाचून झाली की आपल्या गल्लीतले एक तरी असे पोर तुमच्या डोळ्यांसमोर येईल. आज संध्याकाळी त्याला हाक मारा. उपदेश करू नका, बापाविषयी वाईट बोलू नका. चहा द्या, बसू द्या, आणि घराचे दार रात्रीही त्याच्यासाठी उघडे आहे, एवढे सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!